फोटोंचा बॅकअप कसा घ्यायचा? हार्ड डिस्क बंद पडली, फोन हरवला किंवा घरात पाणी शिरलं तरी फोटो राहतील अशी पद्धत

फोनची मेमरी भरली की बरेच जण एकच गोष्ट करतात. सगळे फोटो कॉम्प्युटरवर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकतात, फोनमधून डिलीट करतात आणि "चला, बॅकअप झाला" म्हणून निवांत होतात. पण हा बॅकअप नाही. फोटो आधी फोनमध्ये होते, आता हार्ड डिस्कमध्ये आहेत. जागा बदलली, कॉपी मात्र एकच राहिली. ती डिस्क गेली की फोटो गेले.

बॅकअप म्हणजे त्याच फोटोची आणखी एक कॉपी. आणि ती अशी हवी की पहिली कॉपी ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने दुसरी जाणार नाही. म्हणून कुठलीही सोय करताना स्वतःला एक प्रश्न विचारा: एकाच घटनेत माझ्या सगळ्या कॉपी जातील का? उत्तर "हो" आलं तर काम अजून अर्धंच झालंय. या लेखात आपण प्रत्येक सोय याच प्रश्नावर तपासून बघू. उदाहरण इचलकरंजीचं घेऊ, कारण तिथे हा प्रश्न दर पावसाळ्यात खराखुरा समोर येतो.

## हार्ड डिस्क बंद का पडते?

साध्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत गोल तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असतं. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली किंवा जोरात हलली तर हेड तबकडीला घासतं आणि तिथला डेटा कायमचा जातो.

धक्का बसला नाही तरी डिस्क म्हातारी होते. मोटर झिजते, सर्किट जळतं, तबकडीवर खराब जागा तयार होतात. बॅकब्लेझ ही अमेरिकन स्टोरेज कंपनी तिच्याकडच्या लाखो डिस्कची आकडेवारी नियमित जाहीर करते. त्यात वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्क बंद पडताना दिसतात. आणि त्या डिस्क थंड, स्वच्छ खोलीत, स्थिर विजेवर चालतात. आपली डिस्क बॅगेत फिरते, उन्हात तापते, लाइट गेली की धाडकन बंद होते.

एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे धक्क्याची भीती कमी. पण तीही बंद पडते, आणि पडते तेव्हा अनेकदा आधी काहीच लक्षण दिसत नाही. शिवाय एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं न वापरता कपाटात ठेवले तर त्यातला डेटा हळूहळू खराब होऊ शकतो.

साध्या डिस्कची धोक्याची लक्षणं अशी:

- टक-टक किंवा खरखर आवाज येणं
- फोल्डर उघडायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागणं
- काही फोटो अर्धे राखाडी दिसणं किंवा उघडतच नसणं
- कॉम्प्युटरला डिस्क कधी दिसणं, कधी न दिसणं

यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी महत्त्वाचे फोटो दुसरीकडे कॉपी करा. "रविवारी बघू" म्हणू नका.

## इचलकरंजीत दोन गोष्टी जास्तीच्या: माग आणि नदी

इचलकरंजी हे यंत्रमागाचं गाव. अनेक ठिकाणी कारखान्याचं ऑफिस मागांच्या शेडलाच लागून असतं आणि घरातला एकमेव कॉम्प्युटर त्या ऑफिसमध्ये असतो. हिशोब, बिलं आणि लग्नापासून बारशापर्यंतचे सगळे फोटो त्याच कॉम्प्युटरवर.

हार्ड डिस्कसाठी ही जागा वाईट. मागांची थरथर सतत चालू. कापसाचं तूस पंख्यात अडकतं आणि आतली हवा खेळत नाही, म्हणून डिस्क तापते. मागांच्या खडखडाटात डिस्कची टक-टक कानावर येत नाही, त्यामुळे पहिली सूचनाच हुकते. कॉम्प्युटर तिथे ठेवणं गरजेचंच असेल तर यूपीएस लावा, दर महिन्याला पंखा साफ करा आणि फोटोंची एकमेव कॉपी तिथे ठेवू नका.

दुसरी गोष्ट पंचगंगा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. या पुरात कोल्हापूर, सांगली, शिरोळ तालुका आणि इचलकरंजीचा नदीकाठचा भाग सापडला.

आता आपला प्रश्न विचारून बघा. समजा गावभागातलं नदीजवळचं एक घर आहे. फोटो कॉम्प्युटरवर आहेत, एक कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे, आणि जुने छापील अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. तीन ठिकाणी आहेत म्हणून सुरक्षित वाटतं. पण तिन्ही एकाच खोलीत आहेत. पाणी आलं की तिन्ही एका रात्रीत भिजणार. चोरी झाली किंवा शॉर्ट सर्किटने आग लागली तरी तेच.

म्हणून एक कॉपी घराबाहेर हवी. पण "घराबाहेर" म्हणजे कुठे, हेही तपासा. दुसरी डिस्क मामाकडे ठेवली आणि मामाचं घर कुरुंदवाड किंवा नृसिंहवाडीला नदीकाठी असेल, तर एकाच पुरात दोन्ही घरं पाण्यात जाऊ शकतात, कारण पंचगंगा तिथेच कृष्णेला मिळते. त्यापेक्षा पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाकडे, उंचावरच्या भागातल्या मित्राकडे किंवा क्लाउडवर ठेवलेली कॉपी जास्त कामाची.

## ३-२-१ नियम

फोटोग्राफर लोकांत एक नियम प्रसिद्ध आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. नियम असा:

- ३ कॉपी: मूळ धरून एकूण तीन.
- २ प्रकारची साधनं: उदाहरणार्थ फोन आणि हार्ड डिस्क. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क एकाच वेळी म्हाताऱ्या होऊ शकतात.
- १ कॉपी दुसऱ्या ठिकाणी: घराबाहेर किंवा क्लाउडवर.

साध्या स्मार्टफोनवाल्यासाठी याचा अर्थ एवढाच: फोन + क्लाउड + एक हार्ड डिस्क. फोन हरवला तर क्लाउड आणि डिस्क आहे. डिस्क बंद पडली तर फोन आणि क्लाउड आहे. अकाउंट लॉक झालं तर फोन आणि डिस्क आहे. तिन्ही एकदम जातील अशी घटना सहसा घडत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. मेमरी भरली म्हणून फोनमधले फोटो काढलेत की तीनच्या दोन कॉपी होतात. दोन म्हणजे चालून जाईल, पण काढण्याआधी त्या दोन्ही खरंच आहेत का ते उघडून बघा.

## गूगल फोटोज: बॅकअप चालू आहे, पण कशाचा?

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगल फोटोज आधीपासून असतं. ते चालू असलं तरी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

१. बॅकअप खरंच चालू आहे का? ॲप उघडा, उजवीकडे वर आपल्या प्रोफाइलच्या गोलावर टॅप करा. "बॅकअप पूर्ण" दिसतंय की "बॅकअप बंद", ते तिथेच कळतं. मोबाइल डेटावर बॅकअप बंद ठेवलेला असेल आणि घरी वाय-फाय नसेल, तर महिनोन्‌महिने एकही फोटो वर जात नाही. दिवसाचा डेटा रात्री उरत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटाला परवानगी द्या आणि रोजची मर्यादा ठरवून द्या.

२. कुठले फोल्डर जातायत? सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे आपोआप जात नाहीत. सेटिंगमध्ये "डिव्हाइस फोल्डर" बघा आणि हवे ते चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर चालू करण्याआधी गुड मॉर्निंगचे फोटो साफ करा, नाहीतर सगळी जागा त्यातच जाईल.

३. जागा उरलीय का? आधी गूगल फोटोजवर कमी साइजचे फोटो कितीही ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता १५ जीबी मोफत मिळतात, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा चॅट बॅकअपही यातच मोजतात. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर पूर्ण रिकाम्या १५ जीबीत साधारण पावणेचार हजार फोटो बसतात. व्हिडिओ धरले तर त्याहून खूप कमी. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि नवीन ईमेलही येत नाहीत.

४. अकाउंट कोणाच्या हातात आहे? मोबाइल दुकानातून नवीन फोन घेताना दुकानदारच जीमेल आयडी काढून देतो, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आई-बाबांना तो आयडी माहीत नसतो, पासवर्ड तर नाहीच. फोन चालू आहे तोवर काही कळत नाही. फोन पडला, फुटला, चोरीला गेला की क्लाउडवरचे फोटो असूनही मिळत नाहीत. आजच घरातल्या प्रत्येकाचा आयडी वहीत लिहा, पासवर्ड नवीन ठेवा, आणि रिकव्हरीसाठी चालू असलेला मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल टाका.

अजून एक. एखादं अकाउंट दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते आतल्या फोटोंसकट डिलीट करू शकतं. डिसेंबर २०२३ पासून याची अंमलबजावणी सुरू झाली. आजोबांच्या जुन्या फोनच्या अकाउंटमध्ये फोटो असतील तर अधूनमधून लॉगिन करा, किंवा ते फोटो उतरवून घ्या.

आयफोनवाल्यांसाठी हेच काम आयक्लाउड करतं. तिथे मोफत जागा ५ जीबीच आहे.

## सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. गूगल फोटोज आणि आयक्लाउड दोन्ही सिंक करतात. म्हणजे एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणीही होतो. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोज ॲपमधून डिलीट केलात, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. लहान भावाने गेम टाकायला जागा हवी म्हणून हजार फोटो उडवले, तर दोन्हीकडून उडाले.

बॅकअप झालेले फोटो गूगलच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. आयफोनवर डिलीट केलेले फोटो ३० दिवस राहतात. त्यानंतर नाही. म्हणून फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर डिलीट करू नका, गूगल फोटोजमधला "जागा मोकळी करा" हा पर्याय वापरा. तो क्लाउडवरची कॉपी तशीच ठेवून फोनमधली काढतो.

आपला प्रश्न इथेही लावा: एका चुकीच्या बोटाने दोन्ही कॉपी जातील का? हो, जातील. म्हणूनच तिसरी कॉपी, म्हणजे नेहमी जोडलेली नसणारी हार्ड डिस्क, लागते. कॉम्प्युटरमध्ये फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा रॅन्समवेअर व्हायरस आला तरी हेच. तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. कपाटातल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

## हार्ड डिस्कवर कॉपी: पायरी-पायरीने

१. डिस्क निवडा. १ टीबीमध्ये ४ एमबीचे सुमारे अडीच लाख फोटो बसतात. बहुतेक घरांना तेवढं पुरतं. ऑनलाइन "२ टीबी पेन ड्राइव्ह ५०० रुपयांत" असं दिसलं तर घेऊ नका. असे ड्राइव्ह आकडा २ टीबी दाखवतात, पण आत जागा थोडीच असते. ती भरली की पुढचे फोटो खराब होतात, आणि हे खूप उशिरा कळतं.

२. जोडा. कॉम्प्युटर नसेल तरी चालेल. टाइप-सी एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह थेट फोनला जोडता येतो. फाइल मॅनेजर उघडा, डीसीआयएम फोल्डर शोधा.

३. कॉपी करा, मूव्ह नको. मूव्ह करताना मध्येच केबल निघाली तर काही फोटो अधांतरी राहू शकतात. आधी कॉपी, मग तपासणी, मग हवं तर डिलीट.

४. फोल्डरला नीट नाव द्या. "न्यू फोल्डर ७" नको. वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग: "२०२४-०५ ताईचं लग्न". अशी नावं आपोआप क्रमाने लागतात.

५. आकडा जुळवा. फोनमध्ये १२४० फोटो असतील तर डिस्कवरही १२४० दिसायला हवेत. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे चार-पाच उघडून बघा.

६. सेफली रिमूव्ह करून काढा आणि डिस्क झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत घालून उंचावर ठेवा. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की कागदपत्रांच्या पिशवीत ही डिस्कही टाका. घर सोडायची वेळ आली तर कॉम्प्युटर उचलता येत नाही, ही उचलता येते.

क्लाउडवरचे सगळे फोटो एकदम उतरवायचे असतील तर गूगल टेकआउट वापरा. ते सगळ्या फोटोंच्या झिप फाइल बनवून देतं.

## व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत म्हणजे राहतील ना?

नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना लहान करतं. एचडी निवडलं तरी मूळ फोटोइतका दर्जा राहत नाही. फोनवर बरा दिसतो, मोठा छापायला घेतला की फुटतो. मूळ फोटो पाठवायचा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोचंही तेच.

लग्नाच्या फोटोंबद्दल एक सूचना. फोटोग्राफर पेन ड्राइव्ह देतो आणि आपण तो कपाटात ठेवून देतो. पेन ड्राइव्ह हे तात्पुरतं साधन आहे. मिळाला त्याच आठवड्यात तो दोन ठिकाणी कॉपी करा. फोटोग्राफरला आधीच विचारा की तुमच्याकडे आमचा डेटा किती दिवस राहील. त्यालाही पुढच्या सीझनसाठी डिस्क मोकळी करावी लागते.

## तपासला नाही तो बॅकअप नाही

मोठ्या कंपन्यांकडेही बॅकअप असतो आणि ऐन वेळी चालत नाही. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत "टॉय स्टोरी २" या ॲनिमेशनपटाचं काम चालू होतं. एका चुकीच्या कमांडने सर्व्हरवरच्या फायली भराभर डिलीट झाल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नव्हता आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टर लहान बाळामुळे घरून काम करायच्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर फायलींची एक कॉपी होती. तिच्यामुळे बरंचसं काम परत मिळालं. स्टुडिओतल्या घटनेत ती गेली नाही, कारण ती स्टुडिओत नव्हती.

आपल्यासाठी तपासणी सोपी आहे. तीन महिन्यांतून एकदा मित्राच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्या अकाउंटमध्ये लॉगिन करा, दोन वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधा आणि डाउनलोड करा. झाला तर बॅकअप चालू आहे. नंतर लॉगआउट करायला विसरू नका. हार्ड डिस्कही तेव्हाच जोडून बघा.

## डिस्क बंद पडलीच तर काय करायचं?

- टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. "अजून एकदा बघू" करत प्रत्येक वेळी चालू केली की नुकसान वाढतं.
- डिस्क घरी उघडू नका. धुळीचा एक कणही पुरेसा असतो.
- फ्रिजमध्ये ठेवणे, हाताने ठोकणे असे उपाय करू नका.
- पुरात भिजली असेल तर वीज जोडू नका, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. आहे तशी डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.
- चुकून डिलीट झालं असेल तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका.

रिकव्हरीचा खर्च अनेकदा नवीन डिस्कच्या कितीतरी पट असतो आणि सगळे फोटो मिळतील याची हमी कोणी देत नाही. फोनचं त्याहून कठीण. आताच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड असतो. मेन बोर्ड गेला की मेमरी चिप काढूनही फोटो वाचता येत नाहीत.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पैसे खर्च न करता बॅकअप होईल का?
बऱ्यापैकी होईल. १५ जीबीत फक्त निवडक फोटो ठेवा, बाकीचे घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आणि एका मित्राच्या डिस्कवर. मित्राचे फोटो तुमच्या डिस्कवर ठेवा. दोघांचं काम फुकटात होतं. मित्र दुसऱ्या भागात राहणारा निवडा.

मेमरी कार्ड चालेल का?
बॅकअप म्हणून नाही. कार्ड फोनमध्येच असतं. फोन चोरीला गेला की तेही गेलं.

छापील जुन्या फोटोंचं काय?
गूगलचं फोटोस्कॅन हे ॲप चमक टाळून फोटो टिपतं. दिवसाउजेडी खिडकीजवळ बसा, एका रविवारी एक अल्बम करा. फोटोच्या मागे लिहिलेली नावं आणि साल यांचाही फोटो घ्या. आजी-आजोबांना शेजारी बसवा, कारण कोण कोण आहे ते त्यांनाच सांगता येतं.

डिस्क किती वर्षांनी बदलावी?
ठरलेली तारीख नसते. पाचेक वर्षं झाली की नवीन घ्या आणि जुनी तिसरी कॉपी म्हणून ठेवा.

सुरुवात कुठून करू?
आज दहा मिनिटांत गूगल फोटोजचा बॅकअप चालू आहे का ते बघा आणि पासवर्ड लिहून ठेवा. या आठवड्यात एका हार्ड डिस्कवर कॉपी करा. या महिन्यात एक कॉपी पुराच्या पाण्यापासून लांब पोचवा. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवीन फोटो टाकायची आठवण फोनमध्ये लावा.